उजव्या गालावरचा खड्डा

भिंगबाईच्या दाराची घंटा वाजली की दोनच शक्यता असत. एक तर गॅसवाला, नाहीतर घड्याळजीच्या खुनाबद्दल विचारायला आलेलं कुणीतरी. गॅसवाला दीड-दोन महिन्यांनी यायचा. खुनावाले दोन-तीन वर्षांत एखादे, तेही अलीकडे कमी झाले होते. बाई दोघांचंही स्वागत सारख्याच उत्साहानं करायची आणि दोघांनाही गरजेपेक्षा जरा जास्तच थांबवून घ्यायची. गॅसवाल्यानं ते केव्हाच ओळखलं होतं. सिलिंडर ठेवला की तो जिन्याकडे तोंड करूनच बोलायचा.

बाईनं सत्तरी गाठली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीसमोर कुठल्याशा गोदामाची मागची भिंत. भाऊ-भावजय जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुतण्या दुसऱ्या शहरात होता. महिन्यातून एकदा फोन करून तो म्हणायचा, आत्या, काही लागलं तर सांग. जे लागायचं ते त्याच्याकडे नव्हतं, म्हणून तीही काही सांगत नसे. दिवसचे दिवस तोंड उघडायचा प्रसंग येत नसे. मग संध्याकाळी स्वतःचा आवाज शाबूत आहे ना, हे बघायला ती रेडिओवर बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायची. तो बिचारा ऐकून घ्यायचा.

भिंगबाई हे नाव पाडलं होतं ती कामाला होती त्या फोटो स्टुडिओच्या मालकांनी. फोटो काढला की तसाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही पद्धत तेव्हा नव्हती. माणसाला स्वतःचा खरा चेहरा फुकटसुद्धा नको असतो. म्हणून निगेटिव्ह आधी मागच्या खोलीत जायची. तिथं खालून उजेड सोडलेल्या तिरक्या काचेवर ती ठेवून, भिंगातून बघत, सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं बाई तिच्यावर काम करायची. मुरूम घालवायचे, सुरकुत्या बुजवायच्या, डोळ्यांखालचं काळं उजळायचं. निगेटिव्हवर सगळा कारभार उलटा. केस पांढरे, चेहरा काळा, आणि बुबुळांच्या जागी दोन दिवे लागलेले. नवख्या माणसाला भूत बघितल्यासारखं वाटावं. बाईनं बत्तीस वर्षं अशी भुतं गोरीगोमटी केली.

ती भुतं कुणाची, हे मात्र तिला ठाऊक नसायचं. गिऱ्हाईक पुढच्या दारानं यायचं आणि पुढच्या दारानंच जायचं. मागच्या खोलीत यायची ती फक्त निगेटिव्ह, कोपऱ्यात नंबर घातलेली. काम झालं की मालक ती अंधाऱ्या खोलीत नेऊन छापायचे. छापलेला फोटो बाईला कुणी दाखवत नसे आणि तीही मागत नसे. कोरडी पोळी भाजून दिली, पुढे ती कुणाच्या ताटात गेली याची चौकशी कोण करतं?

खून झाला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, घड्याळजीचं दुकान दुसऱ्यावर. गुरुवार होता. सकाळपासून भिंगाला डोळा लावून बसलेली बाई दुपारी डोळ्यांना विसावा म्हणून जिन्याच्या वळणावर येऊन उभी राहिली. वरून एक माणूस भराभर उतरत आला. जिन्यात उजेड बेताचाच. त्यानं तिच्याकडे पाहिलं, खांद्यानं तिला बाजूला सारलं आणि तो खाली निघून गेला. सगळा खेळ चार सेकंदांचा. दहा मिनिटांनी वरून आरडाओरडा ऐकू आला. घड्याळजी आपल्या टेबलावर उपडा पडला होता आणि त्याच्या डोक्याशी त्याचीच हातोडी होती.

संध्याकाळी पोलिसांनी विचारलं आणि बाईनं घडाघडा सांगितलं. अंगानं बारीक, कपाळ मोठं, कान जरा बाहेर आलेले आणि उजव्या गालावर करंगळीच्या नखाएवढा खड्डा. लिहून घेणारा हवालदार लिहायचं थांबून तिच्याकडे बघत राहिला. इतकं बारीक वर्णन त्याच्या उभ्या नोकरीत त्याला कुणी दिलं नव्हतं. बाईला तेव्हा आपल्या डोळ्यांचा अभिमान वाटला होता. वाटणारच.

चौथ्या दिवशी पोलिसांनी बाइंडरला उचललं. दोन गल्ल्या सोडून त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. घड्याळजीनं बाइंडरच्या वडिलांचं जुनं घड्याळ हरवलं होतं आणि त्यावरून दोघांची भर रस्त्यात जुंपली होती, ती सगळ्यांनी ऐकली होती. गालावर खड्डा होताच. ओळखपरेडला नऊ माणसं रांगेत उभी केली. बाई एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि परत फिरून सहाव्या माणसाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला. तिला शोधावं लागलंच नाही. तो चेहरा बघताच अंगातून ओळख सरसरून वर आली, जशी आपल्या माणसाची येते.

"बाई, नीट बघा," तो म्हणाला होता.

"नीटच बघितलंय," बाईनं उत्तर दिलं होतं.

एकच खोट निघाली. खड्डा बाइंडरच्या डाव्या गालावर होता. त्याच्या वकिलानं त्यावरून कोर्टात बाईला तासभर धारेवर धरलं. न्यायाधीश शेवटी म्हणाले की समोरासमोर उभ्या माणसाचं डावं-उजवं सांगताना कुणाचाही गोंधळ होतो, एवढ्या तेवढ्यावरून साक्ष मोडत नाही. सगळ्यांना ते पटलं. बाईलाच काय ते पटलं नव्हतं, कारण डाव्या-उजव्याचा घोळ तिच्या हातून एरवी कधी व्हायचा नाही. पण आपल्याच बाजूनं लागलेल्या निकालावर हरकत कशाला घ्यायची? ती गप्प बसली. बाइंडरला जन्मठेप झाली. मी नव्हतो, असं सांगत सांगत अकराव्या वर्षी तो तुरुंगातच वारला.

गाव मात्र गप्प बसलं नाही. बाइंडर त्या वेळी दुकानात पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होता, असं सांगणारा शेजारी होता. पण तो त्याचा नात्यातला निघाला, म्हणून त्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग पेपरवाल्यांनी लेख लिहिले, एका वकिलानं अख्खं पुस्तक लिहिलं, दोन तट पडले. जो तो शेवटी येऊन थांबायचा तो बाईपाशी, कारण त्या जिन्यावर दुसरं कुणीच नव्हतं. बाईचं ठरलेलं लग्न त्यात मोडलं. रोज पेपरात फोटो येणारी सून नको, असा निरोप सासरहून आला. पुढं पुन्हा कुणी विचारलं नाही. पण बाईनं मनाशी एक पक्कं धरलं होतं. लग्न गेलं, संसार गेला, पण आपण खरं बोललो. बाकीचे म्हातारपणी नातवंडं दाखवतात. बाईकडे दाखवायला ही एकच गोष्ट होती. येईल त्याला ती तेच वाक्य ऐकवायची, की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही.

तर त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा दारात गॅसवाला नव्हता. पस्तीस-चाळिशीची असेल असं वाटणारी, पण नीट पाहिलं तर त्याहून मोठी अशी एक बाई उभी होती. औषधाच्या दुकानात काम करते म्हणाली. मग तिनं सांगितलं की ती बाइंडरची मुलगी आहे.

आजवर सगळे आले होते, पण घरातलं कुणी आलं नव्हतं. शिव्या खायच्या तयारीनं बाईनं तिला आत घेतलं आणि सवयीनं चहाचं आधण ठेवलं. मुलीनं शिव्या दिल्या नाहीत. सरकारनं जुन्या वादग्रस्त खटल्यांच्या फेरतपासणीसाठी एक समिती नेमली होती, तिच्याकडे तिनं अर्ज केला होता. वडील गेले, आईही गेली. आता निर्दोष ठरून कुणाचा काही फायदा नव्हता. पण शाळेत तिला कुणी बाकावर शेजारी बसू दिलं नव्हतं आणि आईनं जन्मभर मान खाली घालून भाजी आणली होती. खुनी म्हणून लिहिलेलं आहे तिथं खुनी नाही असं एकदा लिहून यावं, एवढंच तिला हवं होतं. त्या खटल्यातलं जिवंत असं आता एकच माणूस उरलं होतं.

तिनं पिशवीतून एक फोटो काढला. पोस्टकार्डाएवढा, कडांना पिवळा पडलेला, तिशीतल्या माणसाचा. आईनं फार मागे लागून काढायला लावलेला. तयार होईपर्यंत वडिलांना अटक झाली होती, मग आई एकटीच जाऊन घेऊन आली. इतकी वर्षं तो भिंतीवर चौकटीत होता. समितीला प्रत द्यायची म्हणून चौकट उघडली, तर मागे शिक्का. बाई काम करत होती त्याच स्टुडिओचा. खुनाच्या आदल्या सोमवारची तारीख.

"खरं सांगा," मुलगी म्हणाली. "त्यांना तुम्ही तिथं आधी कधी बघितलं होतं का?"

बाईनं ठाम मान हलवली. गिऱ्हाईक तिला दिसतच नसे. मागची खोली, पुढचं दार, सगळं तिनं समजावून सांगितलं आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. मुलीचा चेहरा उतरला. तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, की बाबांनी तुरुंगातून आईला एक पत्र लिहिलं होतं, ते तिला पाठ आहे.

"त्यांनी लिहिलंय, ती बाई खोटं बोलत नाहीये. तिला खरंच मीच दिसलो असणार. का दिसलो, तेवढं मला कळत नाही."

बाईला शिव्या परवडल्या असत्या. हे मात्र तिला लागलं. आपल्याच साक्षीनं आत गेलेल्या माणसानं आपल्याला समजून घ्यावं, याचा तिला राग आला, आणि राग का आला ते कळेना म्हणून आणखी आला. मुलगी फोटो पिशवीत ठेवू लागली तशी बाई घाईघाईनं म्हणाली, राहू दे इथं, सावकाश बघते. बघायचं काही नव्हतं. फोटो इथं राहिला तर मुलगी तो न्यायला परत येईल, एवढाच तिचा हिशेब होता. गुरुवारी येते म्हणून मुलगी गेली. बाईनं दोन्ही कप विसळून शेजारी शेजारी पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत उजेड आला तसा तिनं फोटो घेतला. जुनं भिंग डब्यात होतंच. हाताला सवय, डोळ्याला सवय. कुणाचाही फोटो हाती आला की काम कुणी केलंय ते आधी बघायचं, ही रिटचिंगवाल्यांची खोड मरेपर्यंत जात नाही. कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, मग भिंग डाव्या गालावर आलं आणि तिथंच थांबलं.

गाल फोटोत सपाट होता. पण भिंगाखाली तिथं बारीक रेघांची दाटी दिसत होती. तीन रेघा आणि एक टिंब, तीन रेघा आणि एक टिंब. खड्डा बुजवायची ही तिचीच तऱ्हा. मालक चिडवायचे, कोंबडी नाचवलीस का म्हणून. दुसरं कुणी तसं करत नसे, आणि त्या स्टुडिओत दुसरं कुणी नव्हतंच.

म्हणजे हा चेहरा तिनं पाहिला होता. माणूस नव्हता पाहिला, चेहरा पाहिला होता. सोमवारी काढलेला फोटो मालकांच्या शिरस्त्यानं गुरुवारी सकाळी तिच्या काचेवर येत असे. त्या गुरुवारी सकाळपासून आपण एकाच निगेटिव्हला चिकटून बसलो होतो, एवढं तिला पक्कं आठवत होतं. डोळे दुखून आले म्हणूनच तर ती जिन्यात गेली होती. पोलिसांनी तिला शंभर प्रश्न विचारले होते, वकिलानं दोनशे. जिन्यात काय पाहिलं ते सगळ्यांनी विचारलं. जिन्यात येण्याआधी ती काय पाहत होती, ते कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला कधी विचारलं नाही.

ती उठली आणि भिंतीवरच्या आरशासमोर फोटो धरून उभी राहिली. तो बुजवलेला डावा गाल आरशात उजवा झाला. पेन्सिल चालते ती निगेटिव्हच्या मसाल्याच्या, म्हणजे रसायनाचा थर दिलेल्या बाजूवर, आणि त्या बाजूनं माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो. डावा गाल उजवा होतो. कामावरच्या पहिल्या दिवशी मालकांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. वकिलानं तासभर धारेवर धरलं तेव्हाही ती तिच्या डोक्यात आली नव्हती. येणार कशी? ती एका माणसाची साक्ष देत होती. आपण निगेटिव्हची साक्ष देतोय, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ती खाटेवर बसली आणि तिनं डोळे मिटून जिना आठवून पाहिला. वळण आठवलं, कठडा आठवला, खांद्याला बसलेला धक्का आठवला. वरून माणूस उतरला आणि त्याला चेहरा नव्हता. कपाळ, कान, गाल, जे जे आठवावं ते बाइंडरचं निघत होतं. ते बाजूला काढलं की खाली काहीच उरत नव्हतं. खऱ्या खुन्याला तिनं अंगाला अंग लागेपर्यंत जवळून पाहिलं होतं, आणि तो शेजारून गेला तरी आता ती त्याला ओळखणार नव्हती.

पुढचे पाच दिवस बाईनं रेडिओ लावला नाही. मनात नाही नाही ते येत होतं. गुरुवारी चहा करावा, फोटो परत द्यावा, मला काही सापडलं नाही म्हणावं. त्या रेघा वाचता येणारं माणूस जगात एकच होतं. मालक कधीच गेले होते. त्यांनी तरी काय सांगितलं असतं? त्यांनी बाइंडरला कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखालून, काचेवर डोकं खाली पाय वर असाच पाहिलेला. बाई गप्प राहिली असती तर कुणाला सुगावाही लागला नसता. आणि बोलली असती तर? शिक्षेची भीती तिला नव्हती, या वयात कोण काय करणार होतं. तिला भीती होती ती वेगळीच. चव्वेचाळीस वर्षं ज्या एका गोष्टीवर ती ताठ मानेनं जगली, ती गोष्ट गेली तर मग मागं राहिलं काय? दोन खोल्या आणि गोदामाची भिंत.

गुरुवारी मुलगी आली. बाईनं चहा केला नाही. कारण चहा केला असता तर आपण दुसरंच काहीतरी बोलत बसू, हे ती ओळखून होती. तिनं मुलीच्या हातात भिंग दिलं, गालावरच्या रेघा दाखवल्या, आरशासमोर नेलं आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी चुकले. तो तुझा बाप नव्हता. निदान मी पाहिला तो तुझा बाप नव्हता."

मुलगी रडली नाही की ओरडली नाही. औषधाच्या दुकानात गोळ्यांचं नाव पुन्हा विचारून घ्यावं तशी ती म्हणाली, परत एकदा सांगा, आणि तिनं फोन समोर धरला. बाईनं परत सांगितलं. समितीसमोर येणार का, असं विचारल्यावर हो म्हणाली. मुलगी लगेच उठली. जिन्यावर तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत बाई दार धरून उभी होती.

समितीची खोली एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे तिघं जण, मधले निवृत्त न्यायाधीश. माणूस भला होता. त्यांनी बाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलले. बाईनं पर्समधून आरसा काढून डावं-उजवं करून दाखवलं. तिघांनीही आरशात डोकावून पाहिलं. मग न्यायाधीशांनी चष्मा चढवून जुनी फाइल उघडली आणि त्या माणसाचा शर्ट कोणत्या रंगाचा होता ते विचारलं.

"आठवत नाही," बाई म्हणाली.

तेव्हाच्या जबाबात निळ्या चौकड्या लिहिल्या होत्या. खून किती वाजता झाला? बाई म्हणाली तीनच्या सुमारास. फाइलमध्ये सव्वाएक होता. त्या दिवशी स्टुडिओत आणखी कोण होतं? बाईनं एक नाव सांगितलं, ते माणूस तर दोन वर्षांनंतर कामाला लागलं होतं. टेबलामागच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्टुडिओचं रजिस्टर शिल्लक नव्हतं, निगेटिव्ह नव्हती, स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं विकत होते. राहता राहिल्या तीन रेघा आणि एक टिंब. त्या बाईच्याच, हेही बाईच सांगणार.

"तेव्हा तुम्हाला सगळं स्पष्ट आठवत होतं," न्यायाधीश समजुतीच्या सुरात म्हणाले.

"तेव्हा मला सगळंच आठवत होतं, साहेब. तिथंच तर घात झाला."

त्यांनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती. आजीबाईंच्या हळवेपणाला दिलेली ती दाद होती. त्यांनी सांगितलं की समिती लेखी कळवेलच, पण खोटी आशा दाखवणं बरं नाही. तेव्हाचा जबाब ताजा होता, आजचा चव्वेचाळीस वर्षं जुना आहे आणि वयानुसार स्मरणशक्ती दगा देते. या साक्षीवर निकाल फिरवता येणार नाही. बाईला हसावं की रडावं कळेना. चार सेकंदांच्या बघण्यावर तिनं एक माणूस आत घातला होता, तेव्हा तिच्या डोळ्यांवर सगळ्या जगानं विश्वास ठेवला. आता ती उभ्या जन्माची कमाई टेबलावर ठेवत होती, तर कुणी हात लावायला तयार नव्हतं.

खाली आवारात एक सिमेंटचा बाक होता. दोघी त्याच्यावर बसल्या, मध्ये पिशवी ठेवून. लोक कागद घेऊन आत जात होते, बाहेर येत होते. बाईला वाटलं, आता ही उठेल आणि जाईल आणि परत कधी दिसणार नाही. जाऊ नये असं म्हणायचा आपल्याला काडीचाही हक्क नाही, हेही तिला वाटलं. ती हात जोडणार होती, पण हात जोडून या पोरीच्या पदरात काय पडणार होतं, ते तिला सुचेना. म्हणून ते तसेच मांडीवर राहिले.

मुलीनं पिशवीतून फोटो काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"मी दोन वर्षांची होते," ती म्हणाली. "मला ते आठवतच नाहीत. आई बोलायची नाही. माझे बाबा म्हणजे हा फोटो. आणि यातलं तुम्ही बरंच काढून टाकलंय म्हणता."

तिनं फोटो बाईकडे फिरवला.

"काय काय काढलंत ते सांगा ना, मावशी."

बाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो चेहरा पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं. तिनं तो अख्खी सकाळ भिंगाखाली पाहिला होता, परेडला हातभर अंतरावरून पाहिला होता, आणि पुढं चव्वेचाळीस वर्षं, एक दिवस न चुकता, डोळे मिटून पाहिला होता. साक्ष द्यायला तो बाद होता. या बाकावर मात्र तो पुरणार होता.

तिनं फोटो जवळ ओढला आणि बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. कपाळावर तीन आठ्या होत्या, मधली अर्ध्यात तुटलेली. उजव्या भुवईच्या वर देवीचा एक वण. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं, ताजं असावं. मुलगी जिवाचा कान करून ऐकत होती आणि मध्येच नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत होती. बाईचं बोट डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आलं.

"आणि इथं रेघाच रेघा. दोन्हीकडे, पार कानापर्यंत गेलेल्या."

"कसल्या?"

"हसण्याच्या. दुसऱ्या कशानं तिथं पडत नाहीत."

मुलगी फोटोकडे बघत राहिली. फोटोत तिथं काही नव्हतं. "हसायचे?" तिनं विचारलं.

"खूप हसत असणार, बाळ," बाई म्हणाली. "त्या रेघा पुसता पुसता मला दुपार झाली."